कंट्रोल-एस दाबलं आणि सगळं थांबलं

रविवारी सकाळी कोथरूडच्या आमच्या कट्ट्यावर बारक्या आला तो तोंड पाडूनच. आदल्या रात्री त्यानं डेटाबेसचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर टाकायला लावला होता. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एकेक फाइलचं नाव सरकत होतं. वर्डमध्ये सेव्ह करायची सवय असल्यानं हात आपसूक कंट्रोल-एसवर गेला आणि ओळी जागच्या जागी थिजल्या. एंटर मारला, काही नाही. दहा मिनिटं वाट पाहिली, मशीन हँग झालं असं समजून खिडकी बंद केली. पाच तासांचं काम पाण्यात.

"असला शॉर्टकट ठेवतं कोण? आणि ठेवला तर पडद्यावर एक ओळ तरी दाखवा, 'थांबवलंय' म्हणून!"

मास्तरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. ते आयटीआयला शिकवतात आणि युनिक्स, म्हणजे लिनक्सची पूर्वज प्रणाली, त्यांनी काळ्या पडद्याच्या दिवसांपासून वापरलीय. "हँग झालंच नव्हतं रे. तू थांब म्हणालास, ते थांबलं. कंट्रोल-क्यू दाबलं असतंस तर तिथूनच पुढे सुरू झालं असतं. काम मेलं ते खिडकी मिटल्यामुळे. खिडकी गेली की आतल्या प्रोग्रॅमला 'लाइन तुटली' असा सिग्नल जातो."

"पण एस आणि क्यूच का?"

मग मास्तरांनी बोटं मोजायला लावली. इंग्रजी मुळाक्षरांत सी तिसरं, क्यू सतरावं, एस एकोणिसावं. कंट्रोल धरून अक्षर दाबलं की टर्मिनल ते अक्षर पाठवतच नाही, त्याचा क्रमांक पाठवतं: ३, १७, १९. १९६३ सालच्या मॉडेल ३३ टेलिटाइपवर, म्हणजे कागदावर छापणाऱ्या जुन्या टर्मिनलवर, या क्यू आणि एसच्या बटणांवर 'एक्स-ऑन' आणि 'एक्स-ऑफ' असं छापलेलंच असायचं. ते यंत्र सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. कागदी पट्टी वाचणारा भाग सुरू करायचा तर १७, थांबवायचा तर १९. तेच आकडे आजच्या लिनक्सच्या टर्मिनलमध्ये जिवंत आहेत. एम तेरावं, म्हणून कंट्रोल-एम म्हणजे एंटरच. आय नववं, म्हणून कंट्रोल-आय म्हणजे टॅब. या दोघांना वेगळी कामं द्यायला गेलात की गोंधळ होतो तो त्यामुळेच.

मला हा हिशोब फार आवडतो. कॉलेजात हा कुणी शिकवला नाही, नुसती शॉर्टकटची यादी पाठ करून घेतली. कारण कळलं की पाठ करावं लागत नाही.

ताईला मात्र ते पुरेसं वाटलं नाही. ती सर्व्हर सांभाळते. "मास्तर, कागदी पट्टी गेली ना आता? मग तिचा ब्रेक कशाला ठेवायचा? आपले कमांड घेणारा प्रोग्रॅम बॅश, त्याच्या सेटिंगच्या फाइलीत, बॅशआरसीत, एक ओळ टाका, एसटीटीवाय, पुढे वजाचं चिन्ह आणि आयएक्सऑन. कंट्रोल-एसचं थांबवणं बंद. शिवाय एक गोष्ट परत मिळते. कंट्रोल-आरनं जुने कमांड मागे मागे शोधतो ना आपण? शोधता शोधता एखादा हातून निसटला तर पुढे यायला कंट्रोल-एसच आहे. थांबवण्यानं ते गिळलंय, म्हणून लोकांना माहीतच नाही."

"आणि उद्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेलीस तर? तिथे तुझी ओळ नसणार. बोटांना नवी सवय, मशीन जुन्या सवयीचं. मध्यरात्री बंद पडलेलं काहीतरी उठवताना हात चुकला म्हणजे?"

मला दोघांचंही पटत होतं, आणि तिथेच एक गोष्ट लख्ख झाली. आपण दोन वेगळ्या जागच्या सेटिंगबद्दल भांडत होतो.

मला वर्षानुवर्षं छळलंय एफ-१० नं. चालू प्रोग्रॅम दाखवणारं एचटॉप उघडायचं, काम झालं की एफ-१० दाबून बाहेर पडायचं, तर माझी टर्मिनलची खिडकी, ग्नोम टर्मिनल, ती कळ मध्येच पकडून स्वतःचा मेनू उघडतं. फाइली हाताळणाऱ्या मिडनाइट कमांडरमध्येही तेच. ऑल्ट-एफचंही तसंच: बॅशमध्ये तो एक शब्द पुढे नेतो, पण खिडकीला वाटतं फाइल मेनू हवाय. ही दोन्ही पकडणं प्रेफरन्सेसमध्ये दोन टिचक्यांत बंद होतात. मी मेनूची पट्टीसुद्धा लपवून टाकलीय.

फरक हा की ही टिचकी माझ्या लॅपटॉपवरच्या खिडकीची आहे. मी एसएसएचनं, म्हणजे दुरून लॉगिन करून, कुठल्याही सर्व्हरवर गेलो तरी खिडकी माझीच, सेटिंग माझ्यासोबत येतं. ताईची ओळ मात्र त्या त्या सर्व्हरवरच्या खात्यात राहते. म्हणून मी म्हटलं, खिडकीचा मेनू बिनधास्त बदला, तिनं आतल्या प्रोग्रॅमच्या कळा पळवू नयेत. पलीकडच्या बाजूचं मूळ वागणं मात्र बोटांत असलंच पाहिजे, मग वाटल्यास बदला.

"मग कंट्रोल-सी?" बारक्या आता रंगात आला होता. "टर्मिनलमध्ये कॉपी करायला सोबत शिफ्टसुद्धा का धरायचं? मॅकवाल्यांना नाही धरावं लागत."

मॅकवाल्यांचं बरं आहे. १९८३ च्या लिसा संगणकापासून कट, कॉपी, पेस्टला ॲपलची स्वतंत्र कळ आहे, कंट्रोल मोकळाच राहिला. बाकीच्यांकडे कंट्रोल एकच आणि दावेदार दोन: चालू काम तोडणं जुनं, कॉपी नंतर आली. विंडोज टर्मिनलनं तडजोड केलीय, मजकूर निवडलेला असेल तर कॉपी, नसेल तर काम तोड. ताईला ती सोयीची वाटते. मला नाही. चुकीचा कमांड धावतोय, तुम्ही घाईनं कंट्रोल-सी मारता आणि मघाशी निवडून ठेवलेली एक ओळ कॉपी होते, कमांड धावतच राहतो. तोडायच्या कळीचा अर्थ पडद्यावर काय निवडलंय त्यावर ठरता कामा नये. यावर आमचं जुळलं नाही, दुसरा चहा झाला तरी नाही.

ताईनं बारक्याला एक मात्र बजावलं: पाच तासांचं काम उघड्या खिडकीत लावायचं नाही, टीमक्समध्ये लावायचं, तो प्रोग्रॅम खिडकीपासून वेगळा चालतो. मग खिडकी मिटली तरी काम चालू राहतं. टीमक्ससारखाच 'स्क्रीन' नावाचा प्रोग्रॅम वापरलास तर तो कंट्रोल-ए स्वतःकडे घेतो, ओळीच्या सुरुवातीला जायला पुन्हा एकदा ए दाबावा लागेल, हेही तिनं सांगितलं.

बारक्यानं कट्ट्यावरच लॅपटॉप उघडला. कंट्रोल-एस दाबलं, स्वतःचं नाव टाइप केलं. पडदा कोरा. आमच्याकडे एकदा पाहिलं आणि कंट्रोल-क्यू दाबलं. अक्षरं सगळी एकदम उमटली. त्यानं ते आणखी तीनदा करून पाहिलं, मग टीमक्स सुरू केलं आणि बॅकअप पहिल्यापासून लावला.