काकांचा ब्लेझर

बोर्डिंग पास यंत्राखाली धरला आणि लाल दिवा लागला, म्हणजे सीट बदललेली. क्षणभर वाटलं, फळलं नशीब, फुकटात वरच्या वर्गात! सीट बदलली होती खरी. ३१-सीची ४४-ई. मधली. "विमान बदललंय सर, छोटं आलंय," गेटवरची मुलगी म्हणाली. मी विमान कंपनीच्या सभासदत्वाचं गोल्ड कार्ड पुढे केलं. सोसायटीचा वॉचमन डिलिव्हरीवाल्याकडे बघतो तसं तिनं ते बघितलं. "हे आघाडीतल्या दुसऱ्या कंपनीचं आहे सर. याच्यावर लाउंज मिळतं."

मागे एक काका उभे होते. रात्रीचे दोन, ट्रॅक पँट, त्यावर नेव्ही ब्लू ब्लेझर, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा.

"तुमचं इथंच चुकलं," ते म्हणाले. "टी-शर्ट. अहो, कोट दिसला की पुढे नेऊन बसवतात."

"तुम्हाला बसवलंय कधी?"

"गेल्या वेळी नाही. पण तेव्हा पायात सँडल होते." त्यांनी बूट दाखवले. "आणि दाढी तरी करायचीत. नातू तीन आठवडे आधी जन्मला, मुलानं काल रात्री तिकीट काढलं, तरी मी कोट इस्त्री करून घेतला की नाही?"

त्यांचा पास यंत्राखाली गेला. लाल दिवा. ५-ए. काकांनी माझ्याकडे बघत कॉलर ताठ केली.

कोटाचा काही संबंध नाही हो! इकॉनॉमीत माणसं जास्त झाली की काहींना वर ढकलावंच लागतं. तेव्हा आधी कंपनीचे स्वतःचे वरच्या श्रेणीचे सभासद, मग महागडं तिकीट, आणि एकटा प्रवासी असेल तर सोपं, असा साधारण क्रम असतो. आदल्या रात्री काढलेलं तिकीट बहुधा 'वाय' अक्षराचं, म्हणजे पूर्ण भाड्याचं. माझ्या तिकिटावरचं अक्षर वर्णमालेत कुठं येतं ते सोडा, सेलमध्ये येतं.

आघाडीचं, म्हणजे विमान कंपन्यांच्या युतीचं म्हणाल तर स्टार अलायन्स १९९७ची, वनवर्ल्ड १९९९ची, स्कायटीम २०००ची. आघाडीधर्म तिन्हीकडे तोच: हारतुरे, लाउंज, वेगळी रांग सगळ्यांना; मंत्रिपद आपापल्या माणसाला. स्टार गोल्डला २० किलो किंवा एक बॅग जास्त नेता येते. जास्तीचं लोणचं बिनधास्त न्या. खुर्ची मात्र मागू नका. म्हणून वर्षातून दोनदा ज्या कंपनीच्या विमानात खरंच बसणार, तिचंच कार्ड घ्यावं. लाउंजमधल्या गार इडलीवर भाळून दुसरीचं घेतलं की माझ्यासारखी ४४-ई मिळते.

त्याआधी त्या कंपनीचा अपग्रेडचा, म्हणजे वरच्या वर्गात जाण्याचा तक्ता उघडून कुठल्या अक्षराचं तिकीट चालतं ते बघावं. सिंगापूर एअरलाइन्सच्या इकॉनॉमी लाइट या स्वस्तातल्या तिकिटाला माईल्सनं, म्हणजे प्रवासातून साठलेल्या पॉइंटांनी, अपग्रेड नाहीच. ब्रिटिश एअरवेजमध्ये एव्हिओसनं, म्हणजे त्यांच्या माईल्सनं, एकच पायरी चढता येते, इकॉनॉमीतून मधल्या प्रीमियम इकॉनॉमीत, थेट बिझनेसला नाही, आणि सगळ्यात स्वस्त तिकिटावर तीही नाही. म्हणजे आधी महाग तिकीट घ्या, मग वर माईल्स द्या. ही बेरीज करून प्रीमियम इकॉनॉमीच्या सरळ भाड्याशी ताडून बघावी. कित्येकदा माईल्सची मिजास महाग पडते. तिकिटावर एका कंपनीचा नंबर आणि विमान दुसरीचं असेल, तर अपग्रेड बहुतेक वेळा बोंबलतंच. प्रतीक्षायादीत नाव लागलं तरी हुरळू नये; त्याच सीटसाठी रोख बोली लावणारे असतातच, आणि कंपनीला माईल्सपेक्षा रोकडा गोड. लंडनहून परतताना वरच्या वर्गाचा प्रवासी कर इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त, तो फरक वेगळा मोजायचा.

क्रेडिट कार्डाचे पॉइंटही सीट दिसल्याशिवाय वळवू नयेत. एकदा माईल्स झाले की ते परत येत नाहीत आणि सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेचे तर ३६ महिन्यांनी बाद होतात. आणि खात्यावरचं नाव पासपोर्टबरहुकूम हवं. आपण वडिलांचं नाव कधी लावतो, कधी गाळतो. संगणक दोन वेगळी माणसं समजतो आणि माईल्स तिसरीकडेच लटकतात. बोर्डिंग पास फेकू नये, माईल्स जमा झाले नाहीत तर दाव्याला तो लागतो.

हे सगळं मला पाठ आहे. ४४-ईमध्ये, दोन्ही हात मांडीवर घेऊन, दहा तास मी ते घोकत होतो.

हीथ्रोला बॅगांच्या पट्ट्यावर काका भेटले. ब्लेझरची पाठ पार चुरगळली होती.

"सपाट झोपलो ना," ते म्हणाले. "तुम्ही पण एक शिवून घ्या. दादरला माझा टेलर आहे."