वेल्सची आइस हॉकी कार्डिफपासून सुरू होत नाही

वेल्समधील आइस हॉकीची एक आटोपशीर गोष्ट वारंवार सांगितली जाते. तिच्यानुसार हा खेळ १९८६ मध्ये कार्डिफ डेव्हिल्सच्या स्थापनेबरोबर वेल्समध्ये आला आणि डेव्हिल्स आरंभापासून अव्वल श्रेणीतच होते. उत्तर वेल्समधील डीसाइडचा संघ मात्र गुणवत्तेअभावी खालच्या श्रेणीत राहिला, इंग्लंडच्या लीगमध्ये खेळत असल्यामुळे तो नावापुरताच वेल्श होता आणि कोविडच्या साथीत तो संपला. या गोष्टीतले १९८६ हे साल तेवढे बरोबर आहे.

पहिला मुद्दा आरंभाचा. वेल्सच्या सौम्य हिवाळ्यात लडाखप्रमाणे तळी गोठत नाहीत, त्यामुळे कृत्रिम बर्फाचा रिंक असल्याशिवाय तेथे हा खेळ रुजूच शकत नाही. असा रिंक इंग्लंडच्या सीमेलगत, फ्लिंटशरमधील क्वीन्सफेरी येथील डीसाइड लेझर सेंटरमध्ये १९७०च्या दशकातच उभा राहिला होता आणि डीसाइड ड्रॅगन्स हा संघ तिथलाच. डी नदीपलीकडचा शॉटन पोलाद कारखाना हा या परिसराचा पोशिंदा. १९८० मध्ये तिथले पोलाद उत्पादन बंद झाले तेव्हा साडेसहा हजारांहून अधिक कामगारांचा रोजगार एकदम गेला. त्याच वर्षी याच सेंटरमध्ये बॉब मार्लीचा कार्यक्रम झाला होता, यावरून या वास्तूचे त्या गावातील स्थान कळावे. राजधानी कार्डिफमध्ये राष्ट्रीय रिंक उघडण्यापूर्वी काही वर्षे वेल्समध्ये हॉकी पाहायची म्हणजे डीसाइडलाच जायचे, अशी स्थिती होती. राजधानीत घडलेले तेवढेच नोंदवायचे, ही सवय तेथेही आहे, एवढेच यातून दिसते.

दुसरा मुद्दा डेव्हिल्सच्या अव्वल जन्माचा. कॅनेडियन खेळाडू-प्रशिक्षक जॉन लॉलेस यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा संघ १९८६-८७ मध्ये ब्रिटिश लीगच्या दुसऱ्या विभागात, म्हणजे प्रीमियर आणि पहिल्या विभागाच्याही खाली, तळातच दाखल झाला. पहिले तीन हंगाम तो खालच्या विभागांतच खेळला. चौथ्या, म्हणजे १९८९-९०च्या हंगामात तो प्रीमियर विभागात आला आणि आल्याच वर्षी विजेता ठरला. त्याच हंगामाच्या शेवटी वेम्बली येथे एडिनबर्गच्या मरेफील्ड रेसर्सविरुद्धचा, लीगनंतरच्या बाद फेरीचा अंतिम सामना ६-६ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टी फटक्यांवर डेव्हिल्सने तो जिंकला. ही चढाई विलक्षण होती हे मान्यच आहे. पण ती तळापासून झाली म्हणून विलक्षण, हे विसरले की तिची गंमतच जाते.

गुणवत्तेचा आक्षेप सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि तोच सर्वांत कच्चा आहे. वरच्या श्रेणीतील स्थान गुणांवर मिळते आणि हरणारा खाली जातो, हे फुटबॉलचे गणित येथे जसेच्या तसे लावले जाते. २००३ मध्ये स्थापन झालेल्या एलिट लीगमध्ये, म्हणजे ब्रिटनमधील अव्वल श्रेणीत मात्र बढती-घसरण ही पद्धतच नाही. तेथे बसण्यासाठी परदेशी व्यावसायिक खेळाडूंचे वेतन पेलणारी तिजोरी आणि तो खर्च भरून काढण्याइतके प्रेक्षक सामावणारा रिंक लागतो. खालच्या श्रेणीत दिवसभर नोकरी करून रात्री सरावाला येणारे खेळाडू असतात, आणि सार्वजनिक स्केटिंग आटोपल्यानंतर जो वेळ उरेल तोच बहुधा त्यांच्या वाट्याला येतो. अशा संघाने तालिका जिंकली तरी एलिट लीगचे दार आपोआप उघडत नाही. मग ते बंद राहिल्याचा दोष त्याच्या खेळाला कसा देता येईल? खुद्द डेव्हिल्सचेच उदाहरण घ्या. १९९६-९७ मध्ये सुपरलीगचा, म्हणजे त्या वेळच्या अव्वल श्रेणीचा पहिलाच हंगाम जिंकणारा हा संघ २००१ मध्ये एक श्रेणी खाली, ब्रिटिश नॅशनल लीगमध्ये गेला तो आर्थिक कोसळणीमुळे. बर्फावरील पराभवांशी त्याचा संबंध नव्हता.

इंग्लंडच्या लीगचा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. वेल्समध्ये रिंक मोजकेच, त्यामुळे स्वतंत्र वेल्श लीग भरवायला संघच पुरणार नाहीत. फुटबॉलमध्ये कार्डिफ सिटी, स्वॉन्झी सिटी आणि डीसाइडच्या शेजारचे रेक्सम हेही इंग्लंडच्या रचनेतच खेळतात आणि त्यांना कोणी वेल्श नसल्याचे ऐकवत नाही.

‘फ्लिंटशर फ्रीझ’ या नावामुळेही गोंधळ होतो. ड्रॅगन्स संपून फ्रीझ हा निराळाच क्लब आला, असे समजणारे बरेच आहेत. मधल्या काळात डीसाइडचा वरिष्ठ संघ फ्रीझ या नावाने इंग्लिश नॅशनल लीगच्या उत्तर विभागात खेळला, हे खरे. पण रिंक तोच होता आणि पुढे ड्रॅगन्स हे जुने नावही परत आले. नाव बदलले की इतिहासाची पाटी कोरी होते, असे मानायचे तर ब्रिटिश हॉकीत फारच थोड्या गावांना इतिहास उरेल.

राहिला कोविडचा मुद्दा. २०२० मध्ये डीसाइड लेझर सेंटरचे तात्पुरत्या ‘इंद्रधनुष्य रुग्णालया’त रूपांतर झाले आणि पुढे तेथे लसीकरण केंद्रही चालले. बर्फ नसल्याने संघाला घरचे मैदान उरले नाही, एवढा भाग खरा आहे. पण खेळ थांबणे आणि संघ संपणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत: रिंकवर बर्फ पुन्हा घातला गेला, आणि ड्रॅगन्स नॅशनल आइस हॉकी लीगच्या उत्तर विभागात परतले.