थकलेल्या घरपट्टीला हप्ते हवेत, नुसती अभय योजना नको

घरपट्टी थकली की महापालिका दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लावते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षाला 24 टक्के झाले. दहा हजारांच्या थकबाकीवर वर्षाला चोवीसशे, आणि चार वर्षांत शास्ती जवळजवळ मुद्दलाएवढी. महिना अठरा हजारांवर घर चालवणाऱ्या सिक्युरिटी गार्डला एवढ्या महागड्या व्याजाने कर्ज घे असं आपण कधी सांगू का? पण तो कर्ज न काढताच त्यात अडकतो. एक वर्ष घरात आजारपण निघतं, बिल राहतं, आणि पुढच्या बिलावरचा आकडा बघून भरायची हिंमतच होत नाही.

मग सगळे वाट बघतात अभय योजनेची, म्हणजे थकबाकी भरली की शास्तीत सूट देणाऱ्या योजनेची. पुण्यात 2020-21 मध्ये ती आली, 2025 च्या नोव्हेंबरात पुन्हा आली, तेव्हा शास्तीत 75 टक्के सूट होती. माझा राग इथेच आहे. सूट कुणाला? ठरलेल्या मुदतीत सगळी रक्कम एकदम आणू शकेल त्याला. दुकानाचे गाळे अडकवून ठेवलेला माणूस शांतपणे थांबतो आणि मुदत संपायच्या आत चेक देतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईला दोन महिन्यांत चाळीस हजार कुठून येणार? ती महिन्याला दीड-दोन हजार भरायला तयार असते, पण तिच्यासाठी योजना नाही. ही माफी गरजेला नाही, हातातल्या रोख पैशाला मिळते.

हप्त्यांची सोय होईपर्यंत काय करता येईल, तेही सांगतो. आधी बिल नीट वाचा. थकबाकीतला मूळ कर किती, शास्ती किती, कुठल्या वर्षाची, हे वेगळं लिहून काढा. एकाच घराची दोनदा आकारणी झालेली मी स्वतः पाहिली आहे. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला 40 टक्के सवलत आहे. मधल्या काळात ती बंद पडली होती, 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली. तुमच्या बिलात ती दिसत नसेल तर पीटी-3 अर्जाची, म्हणजे या सवलतीसाठीच्या महापालिकेच्या अर्जाची, चौकशी करा, सोबत सोसायटीचं पत्र आणि रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र न्या. कित्येकांची थकबाकी इथेच कमी होऊ शकते.

मग जमेल तेवढी रक्कम भरायचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पैसे घेतले तर ते कुठल्या वर्षाच्या खात्यात जमा झाले ते पावतीवर बघा. पतसंस्थेचं किंवा बँकेचं सोनेतारण कर्ज 24 टक्क्यांपेक्षा स्वस्त पडत असेल आणि हप्ता झेपणार असेल, तर ते काढून घरपट्टी मिटवणं शहाणपणाचं आहे. मोबाईल ॲपवरचं कर्ज किंवा क्रेडिट कार्ड मात्र अजिबात नको. त्यात घरपट्टी मिटेल, पण घर बुडेल.

नोटीस आली तर घाबरून फोन बंद करू नका. घरपट्टीचा बोजा त्या घरावरच असतो, विकायला गेलात तरी तो आडवा येतो. कोर्टात अपील करता येतं, पण आधी मागितलेली रक्कम भरावी लागते, म्हणजे ज्याच्याकडे नाही त्याला ते दार जवळपास बंदच. लोकअदालतीत घरपट्टीची प्रकरणं ठेवली जातात, तिथे तडजोड होऊ शकते. बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. पुण्यात ते शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात आहे.

थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवण्याचे प्रकार आपल्या शहरांत झालेत. मोठ्या धेंडांसमोर वाजवायचा तर वाजवा. पण 500 चौरस फुटांच्या आत स्वतः राहणाऱ्याला चोवीस महिन्यांचे हप्ते द्या, आणि हप्ता वेळेवर येतोय तोवर शास्ती थांबवा. वॉर्डात मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाकडून हे लेखी घ्या.