आईच्या माहेरचे घड्याळ

कायमचे बंद पडलेले घड्याळ माणसाला फारसा त्रास देत नाही. ते कपाटात ठेवून दिले की विषय मिटतो. परंतु मनाला येईल तेव्हा थांबणारे आणि थोड्या वेळाने काहीच घडले नसल्याच्या थाटात पुन्हा चालू लागणारे घड्याळ मनगटावर असेल, तर माणसाला स्वतःच्याच शुद्धीविषयी शंका येऊ लागते. माझ्या मनगटावर असे एक घड्याळ आहे. ते एचएमटीचे ‘जनता’ आहे, त्याला रोज सकाळी किल्ली द्यावी लागते, आणि ते १९७४ साली माझ्या वडिलांना लग्नात सासरकडून मिळालेले आहे. या शेवटच्या तपशिलामुळे त्याच्या दुरुस्तीचा प्रश्न आमच्या घरात निव्वळ तांत्रिक राहू शकला नाही.

‘घड्याळ मधेच थांबतं,’ असे मी पहिल्यांदा म्हणालो तेव्हा आई गवार मोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘इतकी वर्षं त्याला काही झालं नाही. तुझ्या हातात गेलं आणि बरं बिघडलं!’ आमच्या घरात फ्रिज बिघडला तर तो कंपनीचा दोष असतो आणि नळ गळला तर तो प्लंबरचा; पण या घड्याळाविषयी काही बोलणे म्हणजे आईच्या माहेराविषयी बोलणे होय. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूच्या कारखान्यात १९६१ साली ही घड्याळे बनू लागली, आणि पुढे दोन-अडीच दशके जावयाच्या मनगटावर एचएमटी बांधणे हा सासऱ्याच्या ऐपतीचा आणि हौसेचा जाहीर पुरावा मानला गेला. आजोबांनी हे घड्याळ मिळवण्यासाठी कोणाकोणाला गाठले याची कथा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि दर वर्षी तिच्यात एखादा नवा अधिकारी वाढतो. शिवाय तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असे छापलेले असल्याने, आपल्या वडिलांनी जावयाला सतरा माणके दिली होती, असा आईचा अनेक वर्षांचा हिशेब आहे. तिच्या सासरकडून तिला मिळालेल्या ऐवजाशी या आकड्याची तुलना सणासुदीला होतेच.

घड्याळाच्या थांबण्यात काही शिस्त असती तर मी तक्रार केली नसती. रात्री टेबलावर ठेवले की ते सकाळपर्यंत बिनचूक चाले. डोंबिवलीला गाडीत चढताना ते बरोबर असे, दादरला उतरताना मात्र दहा, वीस, कधी पंचवीस मिनिटे मागे. एकदा तर ते नेमके एकोणचाळीस मिनिटे मागे पडलेले मी पाहिले आणि मला त्याच्याविषयी थोडा आदरच वाटला. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली तरी मुंबईने आपली जुनी ‘बॉम्बे टाइम’ सोडायला साफ नकार दिला होता आणि महापालिकेने तर ती पुढे कित्येक दशके चालवली; हे दोन काळ एकोणचाळीसच मिनिटांनी वेगळे होते. माझे घड्याळ बिघडलेले नसून तत्त्वनिष्ठ आहे, हा युक्तिवाद मी कचेरीत करून पाहिला. साहेबांनी तो मस्टरवर नोंदवण्यास नकार दिला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. मुलीने ‘बाबा, फोनमध्ये वेळ दिसते’ हे सत्य मला पुन्हा एकदा समजावून सांगितले. एका सहकाऱ्याने स्वतःच्या मनगटावरचे यंत्र दाखवले, जे पावले, ठोके आणि झोप मोजते आणि रोज रात्री बायकोच्या आधी चार्जिंग मागते. एका मॉलमधील चकचकीत दुकानात काउंटरवरच्या तरुणाने घड्याळ दोन बोटांत धरून, उलटेपालटे करून विचारले, ‘सर, ह्याची बॅटरी कुठे असते?’ बॅटरी नसते, असे ऐकताच त्याच्या चेहऱ्यावर जी करुणा दाटून आली ती बहुधा घड्याळासाठी नव्हती.

शेवटी मी गिरगावात गेलो. तेथे एका चाळीच्या जिन्याखाली, वरून कोणी उतरले की ज्याच्या छतातून भुकटी पडते अशा दुकानात, एक वयस्कर घड्याळजी बसतात. त्यांनी घड्याळ घेतले, कानाशी लावले आणि काचेवर उताणे ठेवले. ते अर्थातच चालू लागले. दाढदुखीने रात्रभर तळमळलेल्या माणसाची दाढ दवाखान्याच्या पायरीवर जशी गुमान बसते, तसे ते टिकटिकत राहिले आणि मी खोटा ठरलो.

‘थांबतं कधी?’ त्यांनी विचारले.

‘केव्हाही.’

‘अहो साहेब, केव्हाही काही थांबत नाही. हात कसा असताना थांबतं ते बघा आणि मग या.’

अशा रीतीने निदानाचे काम माझ्याकडेच आले. मी गाडीत उभा राहून डावा हात वरच्या कडीला धरतो, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. म्हणजे प्रवासभर घड्याळ उभे. खात्री करण्यासाठी मी हात छातीशी आडवा, तबकडी आभाळाकडे, असा धरून वावरू लागलो, आणि घड्याळ न थांबता चालू लागले. या शोधाची किंमत अशी, की सोसायटीच्या अध्यक्षांनी जिन्यात ‘फ्रॅक्चर का?’ म्हणून विचारले आणि उत्तर न ऐकताच त्यांच्या ओळखीच्या हाडवैद्याचा पत्ता दिला. पण लाभही झाला. ठाण्याच्या आत कोणालाही काहीही न देणाऱ्या आमच्या डब्यात एका गृहस्थाने ‘बसा काका, हाताला लागलंय तुमच्या,’ म्हणत मला चक्क खिडकीची जागा दिली. ती मी घेतली. मांडीवर हात आडवा ठेवल्याने घड्याळही दादरपर्यंत बरोबर चालले, आणि हा उपाय कायमचा का करू नये, असा विचार काही काळ मनात होता.

पुढच्या खेपेला मी अहवाल दिला तेव्हा घड्याळजी प्रथमच प्रसन्न दिसले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी पात्याने मागचे झाकण उचकटले आणि मला वाकून पाहायला सांगितले. आत एक पितळी रंगाचे चाक इकडून तिकडे झोके घेत होते आणि त्याच्या पोटात केसाहून बारीक कमान श्वास घेतल्यासारखी उघडमीट करत होती. हे चाक सेकंदाला पाच झोके घेते. तासाला अठरा हजार, दिवसाला ४ लाख ३२ हजार. घड्याळ उताणे असले की या चाकाचा दांडा एका टोकावर भोवऱ्याप्रमाणे फिरतो आणि घर्षण नाममात्र होते. उभे धरले की दांड्याची दोन्ही टोके आडवी घासू लागतात. तेल ताजे असेल तर फरक पडत नाही. माझ्या घड्याळातले तेल वाळून चिकट झाले होते, कारण तीन-चार वर्षांनी करायचे ऑइलिंग आमच्या घरी कधी झालेच नव्हते. निर्दोष माहेराकडे दुरुस्ती कशाला न्यायची, असे धोरण होते.

‘समोर बसून माणकं मोजून घे,’ अशी आईची ताकीद असल्याने मी संकोचत तो विषय काढला. घड्याळजींनी चिमट्याचे टोक एका गुलाबी ठिपक्यावर टेकवले. तो ठिपका मोहरीपेक्षा लहान होता. कृत्रिम माणिक बनवण्याची रीत एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली जाहीर केली, तेव्हापासून घड्याळातली माणके भट्टीतूनच येतात; ती दागिन्यासाठी नसून दांड्याची टोके झिजू नयेत म्हणून बसवलेली असतात. ‘सतराच्या सतरा काढून दिली तरी त्यात चहा येणार नाही,’ असे ते म्हणाले आणि सगळी भांड्यात सांडून दाखवण्याची तयारी त्यांनी दर्शवली. घरी काय सांगायचे, हा प्रश्न मात्र त्यांच्या कक्षेबाहेरचा होता.

नंतरचा काळ ‘मंगळवारी या’ या वाक्यावर गेला. कोणत्या मंगळवारी, हे विचारण्याची जिन्याखाली पद्धत नाही. एकदा पेट्रोलमध्ये धुतलेले सुटे भाग बशीवर पालथ्या पेल्याखाली झाकलेले दिसले. एकदा दांडाच बदलावा लागेल, असे कळले. घड्याळे बनवणारी ती सरकारी कंपनी २०१६ मध्ये बंद झाली असल्यामुळे घड्याळजी शेजारचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा हाच कारखाना मानतात. त्या डब्यात शेकडो मृत ‘जनता’, ‘पायलट’ आणि ‘कांचन’ यांचे अवयव आहेत. त्यांनी त्यातून एक दांडा निवडून माझ्यासमोर धरला तेव्हा कोणा अनोळखी जावयाचे घड्याळ आमच्या घराण्यात येत आहे, या जाणिवेने मी गप्प बसलो. आईला यातले काही सांगितलेले नाही, आणि हा लेख तिच्या हाती पडू नये अशी व्यवस्था केली आहे.

घड्याळ परत मिळाले तेव्हा घड्याळजींनी ते उताणे, पालथे, किल्ली खाली, किल्ली वर असे सगळ्या बाजूंनी तपासल्याचे सांगितले. आता ते थांबत नाही. दिवसाला अर्धा मिनिट पुढे मात्र जाते. एवढा फरक या जातीच्या घड्याळात चालायचाच, असे घड्याळजींचे मत आहे. घरी मी तसे सांगितले.

‘पुढेच जाणार,’ आई म्हणाली. ‘वेळेआधी हजर राहायची सवय आहे आमच्याकडे.’

वडिलांनी पेपर खाली घेतला. लग्नात सीमांतपूजनाला आजोबा किती उशिरा आले होते, हे मला ते अनेकदा खासगीत सांगतात. पण त्यांच्या मनगटावर मुलीने वाढदिवसाला दिलेले बॅटरीचे घड्याळ होते. त्यांनी त्यात पाहिले आणि ‘चहाची वेळ झाली’ एवढेच जाहीर केले.