चोचीचे चोचले

‘चोच दिली तोच चारा देईल’ असं आजी म्हणायची. तिच्या काळी ते ठीक होतं. आता चारा तुम्ही देता, तोही मका आणि सोयापेंडीचे भाव बघून डोक्याला हात लावत. मग चोच किती ठेवायची हे ठरवण्याचा हक्क एकट्या देवाकडे कशाला? लेअरची, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांची शेड उभी राहिली, बँकेचा हप्ता सुरू झाला, आता दोन शब्द ऐकून घ्या.

कोंबडीला एक वाईट खोड असते. ती टोचते. उकिरड्यावरची गावरान कोंबडी बघा. सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत उकरत, टोचत, वेचत असते. तुमच्या पिंजऱ्यात उकिरडा नाही, माती नाही. प्रत्येकीच्या वाट्याला ए-फोर कागदाएवढीही जागा नाही. खाली तार, बाजूला तार. टोचायला उरते फक्त शेजारीण. एकीने पिसं उपटली, रक्त दिसलं, की बाकीच्या तुटून पडतात आणि सकाळी मर मोजायला तुम्ही. यावर उपाय दोन. कोंबडीला भुसा, माती आणि उकरायला जागा द्यायची, नाहीतर तिची चोच कापायची. पहिल्याला गुंठे लागतात, दुसऱ्याला विजेवर तापणारं एक पातं. तुम्ही व्यवहारी माणूस आहात, पुढे सांगायला नको.

मात्र ‘कापणं’ म्हणायचं नाही. ‘ट्रिमिंग’ म्हणायचं. मिशी ट्रिम करतात, कुंपणाची मेंदी ट्रिम करतात, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही. पिल्लू आठ-दहा दिवसांचं झालं की एका मुठीत धरायचं. अंगठा डोक्यामागे, तर्जनी गळ्याखाली, आणि तर्जनीने किंचित दाब द्यायचा म्हणजे जीभ आत ओढली जाते. हे विसरू नका, नाहीतर चोचीबरोबर जीभही ट्रिम होते. मग चोच लालबुंद पात्यावर टेकवायची आणि दोनेक सेकंद तशीच धरायची, म्हणजे रक्त थांबतं. भूल? अहो, पिल्लाची किंमत काय, भुलीची काय!

कुणी शहाणा विचारेल, दुखत असेल ना? त्याला नखाचं उदाहरण द्या. नख कापताना दुखतं का? नाही. मग झालं तर. फक्त तो फार वाचणारा नसावा, एवढं बघा. कारण चोचीचं टोक नखासारखं नाही, ते बोटाच्या शेंड्यासारखं आहे. दाणा कोणता नि खडा कोणता हे कोंबडीला त्या टोकानेच कळतं, इतके मज्जातंतू तिथे दाटलेले असतात. कापलेल्या चोचीच्या थोट्यात मज्जातंतूंच्या गाठी झालेल्या एडिंबरोच्या संशोधकांना १९८० च्या दशकातच आढळल्या होत्या. हात किंवा पाय कापावा लागलेल्या माणसांच्या थोट्यातही अशाच गाठी होतात आणि ती माणसं नसलेला पाय ठणकतो म्हणून रात्री जागतात. कोंबडी तसं काही बोलून दाखवत नाही. धंद्याच्या दृष्टीने हा तिचा सर्वात मोठा गुण.

ही विद्या अमेरिकेतली. १९४० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या बाजूला एका कोंबडीवाल्याने ब्लोटॉर्चने चोची जाळायला सुरुवात केली, पुढे त्याचं यंत्र झालं. त्याआधी अमेरिकेतच १९०३ साली कोंबड्यांच्या चष्म्याचं पेटंटही दिलं गेलं होतं. खरंच, चष्म्याचं. पुढे लाल कॉन्टॅक्ट लेन्स निघाल्या. सगळंच लाल दिसलं की रक्त वेगळं ओळखू येणार नाही, असा हिशेब. म्हणजे कोंबडीच्या डोळ्यांपासून चोचीपर्यंत सगळं बदलून पाहिलं, पिंजरा तेवढा राहिला.

युरोपवाल्यांचं मनावर घेऊ नका. नॉर्वेने १९७४ मध्येच चोच कापण्यावर बंदी घातली, नेदरलँड्सने २०१८ मध्ये. तिकडचे लोक कोंबड्यांना टोचायला गवताच्या पेंढ्या देतात म्हणे! त्याच युरोपात, फ्रान्समध्ये नाताळच्या जेवणासाठी कोंबड्याला बरगड्यांमधून चीर देऊन खच्ची करतात, मांस लुसलुशीत व्हावं म्हणून. असं काही हाताशी असलं की वादात बरं पडतं.

कायद्याचीही धास्ती नको. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. त्याच्या ११ व्या कलमात कोणकोणती कामं क्रूरतेत मोडत नाहीत याची यादी आहे. गुरांची शिंगं काढणं, खच्ची करणं, डाग देणं, वेसण घालणं, सगळं आहे, फक्त ठरवून दिलेल्या पद्धतीने करायचं. चोच त्या यादीत नाही. दचकलात? शिक्षा वाचा. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. पन्नास रुपयांत आज दुकानात डझनभर अंडीही येत नाहीत.

हातात चार पैसे जास्त असतील तर हॅचरीतूनच चोचीवर इन्फ्रारेड किरण मारलेली पिल्लं आणा. रक्त नाही, धूर नाही. चोचीचं टोक एक-दोन आठवड्यांत आपोआप झडून जातं. बघणाऱ्याला काहीच दिसत नाही, ही त्यातली खरी सुधारणा.

आता शेवटच्या किरकोळ सूचना. कापण्याच्या दोन दिवस आधीपासून पाण्यातून व्हिटॅमिन के सोडा, रक्त कमी जातं. कापल्यावर आठवडाभर फीडचा थर नेहमीपेक्षा जाड ठेवा, म्हणजे पिल्लाची चोच भांड्याच्या तळाला लागणार नाही. दुखत नसेल तर ती लागली म्हणून काय बिघडलं, असं तुमचा एखादा मजूर विचारेल. त्याला दुसऱ्या शेडवर पाठवा. आणि बारा-चौदा आठवड्यांनी तलंगांवरून, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांवरून, पुन्हा एकदा नजर फिरवा, पातं तापवून ठेवा. चोच परत वाढते.