दुकानदाराने दर्या का राखावा? एका प्रतिक्रियेला उत्तर

‘खवय्या डोंबिवलीकर’, तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि चिडून लिहिलेली आहे. दोन ओळींत उरकणं बरं दिसणार नाही, म्हणून हे स्वतंत्र उत्तर. ज्यांनी मूळ वाद वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मासळी आणि फळं-भाज्या विकणाऱ्या मोठ्या साखळी दुकानांनी आणि ॲपवाल्यांनी पिल्लं मासळी विकायला ठेवू नये, आणि शेतकऱ्याचे पैसे वेळेवर चुकते करावेत, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की दुकानदार धंदा करायला बसलाय, दर्या राखायला नाही. गिऱ्हाईक ‘शाश्वत’ शब्दासाठी दहा रुपयेसुद्धा जादा मोजत नाही. आणि असे नियम आले की भुर्दंड पडतो तो शेतकऱ्यावर आणि कोळ्यावर, दुकान नामानिराळं राहतं.

यातला शेवटचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, म्हणून आधी तो घेतो. त्याची किंमत नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांनी मोजलेली आहे.

युरोपातल्या सुपरमार्केटवाल्यांनी १९९७ मध्ये एकत्र येऊन शेतमालासाठी स्वतःची नियमावली काढली. तेव्हा तिचं नाव युरेपगॅप होतं, २००७ पासून ग्लोबलगॅप. त्यांना एकाएकी मातीचा कळवळा आला होता, असं समजू नका. ब्रिटनमध्ये १९९० चा अन्नसुरक्षा कायदा आला आणि काही गडबड झाली तर ‘आम्ही पुरेशी काळजी घेतली होती’ हे विक्रेत्याला दाखवून द्यायची वेळ आली. पेटी कुठल्या शेतातून आली हे ठाऊक नसणं अंगाशी येऊ लागलं. म्हणजे तुमचा पहिला आक्षेप इथेच थोडा सैल होतो: ते धंद्यासाठीच शेतापर्यंत पोचले.

आपल्याकडे त्याचा परिणाम निफाड-दिंडोरीत जाऊन बघा. निर्यातीची द्राक्षबाग असेल तर प्लॉटची कृषी खात्याकडे नोंदणी, फवारणीची वही, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करायची याचा हिशेब, मग नमुना प्रयोगशाळेत. २००६ च्या सुमारास अपेडाने, म्हणजे केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाने, द्राक्षांचा बागेपर्यंत माग ठेवणारं ‘ग्रेपनेट’ उभं केलं, पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे तपासणीची मुख्य जबाबदारी आली. कुठलं औषध कधी बंद करायचं हे आज तिथल्या बागायतदाराला तोंडपाठ असतं. नुसत्या चर्चासत्रांनी हे झालं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. खरेदीच्या अटीत बसलं नाही तर माल उचलला जाणार नाही, एवढं एक वाक्य पुरलं.

पण मग आलं २०१०. क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागायतदार लिहोसिन म्हणतात, ते वेलीची फाजील वाढ रोखायला सर्रास वापरलं जायचं. त्या हंगामात युरोपात त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि कंटेनर अडकले. निर्यातदार हादरले, त्यांच्यामागे बागायतदार. इथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. दुकानाला दुसऱ्या देशाची द्राक्षं मागवता येतात, बागायतदाराला दुसरी बाग आणता येत नाही. अट घालायची, पण अट बदलली तर होणाऱ्या नुकसानीत वाटा उचलायचा नाही, हा व्यवहार एकतर्फीच.

यावर उपाय सुचवणारा मी पहिला नाही. ब्रिटनमध्ये २०१० पासून मोठ्या किराणा साखळ्यांना पुरवठादारांशी वागण्याची आचारसंहिता लागू झाली आणि २०१३ मध्ये त्यावर लक्ष ठेवणारा स्वतंत्र अधिकारी नेमला गेला. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार नाशिवंत मालाचे पैसे तीस दिवसांच्या पुढे लांबवता येत नाहीत, आणि दिलेली ऑर्डर ऐन वेळी रद्द करता येत नाही. कायदा करावा लागला, कारण दुकानं आपणहून सुधारली नाहीत. हे मान्य करूनही, ‘दुकानाकडून अपेक्षाच ठेवू नका’ या तुमच्या निष्कर्षाला मी येत नाही. उलट, ज्याला आपण शेतीला आधार म्हणतो तो नेमका कुठे असतो हे यातून दिसतं: माल आधी ठरवून घेण्यात, आणि पैसे चुकवण्याच्या तारखेत. भिंतीवर हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो लावून तो येत नाही. (ते फोटो, जाता जाता, मला सगळीकडे सारखेच वाटतात. पांढरं पागोटं, स्वच्छ सदरा, हातात टोमॅटो.)

आता गिऱ्हाइकाचा प्रश्न. तो जादा पैसे देत नाही, कबूल. पण मी गिऱ्हाइकाकडे काही मागितलंच नव्हतं.

पापलेट घ्या. २०२३ मध्ये चंदेरी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, आणि त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याचं किमान माप ठरवलं. पापलेटला ते १३५ मिलिमीटर आहे, जेमतेम तळहाताएवढं. नियमात पकडणाऱ्याबरोबर खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्यालाही दंड आहे. पापलेटासाठी नावाजलेल्या सातपाटीच्या लोकांना हे माप कोणी शिकवायला नको. मोठं पापलेट किलोमागे चढ्या भावाने जातं, पिल्लू कवडीमोलाने, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. तरीही लहान मासा बाजारात येतो, कारण त्याला खाणारा आहे. हॉटेलच्या थाळीत अख्खं पापलेट दिसलं पाहिजे आणि थाळीचा भावही परवडला पाहिजे, म्हणजे मासा लहानच हवा. ॲपवर ‘लहान’ अशी वेगळी वर्गवारी करून तो विकला जातो, तेव्हा त्या मागणीला पत्ता मिळतो.

तुम्ही म्हणाल, जाळ्यात आलेला मासा मेलेलाच असतो, दुकानाने नाही घेतला तर काय फरक पडणार? त्या दिवशी काहीच नाही. पण तांडेल, म्हणजे नावेचा म्होरक्या, जाळं कुठे टाकायचं आणि कुठल्या आसाचं (किती मोठ्या भोकांचं) टाकायचं, हे भाव बघून ठरवतो. लहान मालाला गिऱ्हाईक नसेल तर त्याच्यामागे डिझेल आणि बर्फ जाळणं परवडत नाही. केरळात अष्टमुडी सरोवरात शिंपल्यांच्या बाबतीत हे घडून गेलंय. निर्यातीच्या ओढीने १९९१ पर्यंत तिथलं उत्पादन दहा हजार टनांवर गेलं आणि दोन वर्षांत निम्म्यावर आलं. मग डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी आली, जाळ्याच्या आसावर मर्यादा आली, आणि त्यासोबत एक अट खरेदीच्या टोकाला: एका किलोत १४०० पेक्षा जास्त नग भरतील इतकं बारीक मांस निर्यातीला घ्यायचं नाही. २०१४ मध्ये तिथल्या शिंपल्यांना एमएससीचं, म्हणजे शाश्वत मासेमारी तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं, प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलं. जेवणाऱ्याला यातलं काही ठाऊक असण्याची गरज पडली नाही.

कोळणीला मी यात ओढलं, असं तुम्ही लिहिलंत. नाही. ससून डॉकला लिलावात ती पाटीभर माल घेते, तिने अट कोणाला घालायची? जो ट्रकने उचलतो त्याने घालावी. आणि खरं सांगायचं तर, ‘पापलेट आज राहू दे, मांदेली बघ कशी आलीय’ असं म्हणून गिऱ्हाइकाला वळवण्याचं कसब तिच्याकडे आहे, ॲपकडे नाही. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, तरी ॲपवर पापलेट असतंच. ते पूर्व किनाऱ्याचं असू शकतं, तिथली बंदी १४ जूनला संपते, किंवा शीतगृहातलं असेल. मग तसं लिहा ना. कुठला किनारा, कुठलं जाळं, ताजं की गोठवलेलं. एवढं छापायला किती खर्च येतो?

राहता राहिला तुमचा शेवटचा टोला, की कायदा आहे, तर सरकारने बघावं, दुकानाने का? बघावंच. पण शेकडो किलोमीटरच्या किनाऱ्यावर प्रत्येक बंदरात, प्रत्येक पहाटे, प्रत्येक टोपलीत हात घालायला मत्स्य विभागाकडे माणसं आणायची कुठून? मोठ्या खरेदीदाराच्या गोदामाला माल आत घ्यायची दारं मोजकी असतात, आणि तिथे प्रत्येक क्रेट तसाही तोलला जातो. फूटपट्टी तिथेच ठेवा, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.