हिमालयात बर्फ कमी, म्हणून राधानगरी भरणार नाही? काहीही!

परवा मामांचा फोन आला. बोअरची गाडी ठरवलीय, पाचशे फूट मारायचं. शेत कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यात, विहिरीला अजून पाणी आहे, तरी सोसायटीचं कर्ज काढायला निघालेत. कारण व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर: ‘हिमालयात 23 वर्षांतला सर्वात कमी बर्फ. 23 टक्के पाणी संपलं. तिथून जमिनीखालून सह्याद्रीत येणारे झरे आटले. राधानगरी, काळम्मावाडी धरणं यंदा भरणार नाहीत. सरकार आकडे दडवतंय. ऊस लावू नका, आत्ताच बोअर मारा.’ भावकीच्या ग्रुपवर आलं, भजनी मंडळाच्याही. म्हणून हे लिहितोय.

आधी ते जमिनीखालचे झरे, कारण डोकं तिथंच उठलं. हिमालय आणि आपण यांच्यामध्ये गंगेचं खोरं, विंध्य, नर्मदा, सातपुडा, तापी, गोदावरी, भीमा. हे सगळं चुकवून पाणी काळ्या पाषाणातून कोल्हापूरपर्यंत येणार? आपली पंचगंगा प्रयाग चिखलीला होते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती तिथं एकत्र येतात. या चौघींना पाणी मिळतं ते गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या पावसाचं. हिमालयात थंडीत साठलेला बर्फ उन्हाळ्यात वितळून नद्यांना पाणी पुरवतो. आपल्याकडे ते काम धरणं करतात. राधानगरीचे साधारण साडेआठ टीएमसी, काळम्मावाडीचे पंचवीस, हे सगळं जून ते सप्टेंबरमध्ये पडलेलं पाणी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कधीमधी दव गोठतं, त्याचे फोटो येतात. पण उन्हं वर येईपर्यंत ते गायब होतं, त्यावर धरण भरत नाही.

आता आकडे. बातमी खोटी नाही, हे मान्य करावंच लागतं. काठमांडूच्या ‘इसिमोड’ या संस्थेचा एप्रिल 2025 चा अहवाल आहे. हिंदुकुश-हिमालय पट्ट्यात त्या हिवाळ्यात बर्फ जमिनीवर टिकून राहण्याचं प्रमाण सरासरीपेक्षा 23.6 टक्के कमी होतं, 23 वर्षांतलं सर्वात कमी. नीट वाचा: मोजलंय ते बर्फ टिकण्याचं प्रमाण. ‘पाणी संपलं’ असं त्यात नाही. त्याच अहवालात तिसरा तेवीसही आहे. तिथल्या 12 मोठ्या खोऱ्यांत वर्षाच्या प्रवाहातला सरासरी 23 टक्के वाटा बर्फवितळीचा असतो. कुणीतरी तिन्ही तेवीस एकत्र कालवले आणि वर आपल्या धरणांची नावं टाकली. सतलजवरच्या भाक्राला बर्फाची काळजी आहेच. त्या 12 खोऱ्यांच्या यादीत सिंधू आहे, गंगा आहे, ब्रह्मपुत्रा आहे. आपली पंचगंगा जिला मिळते ती कृष्णा नाही.

शिवाय बर्फाचा आपल्या पावसाशी जो काही संबंध सांगितला गेला, तो नेमका उलटा आहे! भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी 1884 मध्ये मांडलं की हिमालयात बर्फ जास्त असेल, तर पुढचा मान्सून कमजोर पडतो. त्याच आधारावर 1886 पासून मान्सूनचे अंदाज नियमित निघू लागले. पुढे हा संबंध तितका पक्का राहिला नाही, त्यामुळे बर्फ कमी म्हणून पाऊस बक्कळ, असंही मी म्हणत नाही. पण अहवाल आला त्याच 2025 मध्ये मान्सून 24 मेला केरळात आणि दुसऱ्या दिवशी तळकोकणात पोचला होता, एवढं तरी आठवा.

सरकार आकडे दडवतंय म्हणे. अहो, पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात कोल्हापुरातल्या पोराटोरांना पाठ असते. 39 फूट इशारा, 43 धोका. धरणांचा साठाही रोज पेपरात येतो. दडवायला उरलंय काय?

खरा घात बोअरच्या सल्ल्यात आहे. आपल्या खाली बेसाल्ट, म्हणजे तोच काळा पाषाण. पाणी असतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या कुजलेल्या थरात. खोल गेलं की जास्त लागेल, याची कसलीच खात्री नाही. पाचशे फुटांवर नुसती धूळ निघाली तरी फुटाचा दर भरावाच लागतो, आणि लागलंच तर शेजारच्याची विहीर खाली जाते. वर, राज्याच्या भूजल कायद्यानं शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहीर घ्यायला मनाई आहे, बोअरसुद्धा त्यात आलं. हे त्या मजकुरात कुठं लिहिलंय?

कोल्हापूर जिल्ह्यात दुष्काळ पडतच नाही, असं नाही. 2023 मध्ये हातकणंगले आणि गडहिंग्लज तालुके दुष्काळी जाहीर झालेच होते. तेव्हा ओढ दिली होती पावसानं. दुष्काळ ठरवताना आधी तालुक्याचा पाऊस आणि त्यातला खंड बघतात, मग पीक, जमिनीतली ओल, धरणसाठा, विहिरींची पातळी. त्या विहिरी भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. मामा, तुमच्या तालुक्याचा मे महिन्याचा आकडा आधी बघा. आणि जूननंतर सलग तीन-चार आठवडे पाऊस निम्म्याहून कमी झाला, तर उसाचं काय करायचं ते तेव्हा बसून बोलू. गाडीवाल्याला आजच नको म्हणून कळवा, इसार दिला असेल तर तोही मागून घ्या.